मुलांचं कॉलरबोन मोडलं तर: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकलवरून पडला, कबड्डीत खांद्यावर आपटला, पलंगावरून उडी मारली आणि गादी चुकली. कारणं हजार, एक्स-रे मात्र ठरलेला. मुलांच्या दर दहा फ्रॅक्चरमागे एखादं तरी कॉलरबोनचं असतं. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत जाणारं हे आडवं हाड, आजीच्या भाषेत हासळी. खालची उत्तरं नवजात बाळापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी आहेत. मोठ्या माणसांचा हिशोब वेगळा असतो. तो मुलांना लावला की गोंधळ होतो आणि कधीकधी नको ते ऑपरेशनही.

कॉलरबोनच मोडलंय हे कसं ओळखायचं?

मोठं मूल दारातून आत येतानाच कळतं. दुखऱ्या बाजूचा हात दुसऱ्या हाताने कोपराखाली धरलेला, खांदा थोडा खाली आणि पुढे, मान त्याच बाजूला कललेली. हाडावरून हलकेच बोट फिरवलं तर एका नेमक्या जागी मूल कळवळतं. तिथे सूज किंवा उंचवटा असतो, दुसऱ्या दिवशी निळसर डाग उमटतो.

दोन-तीन वर्षांच्या मुलाचं अवघड. ते दुखरी जागा दाखवत नाही, नुसता हात वापरायचं थांबवतं. काखेत हात घालून उचललं की रडतं, सदरा काढताना रडतं. पालकांना वाटतं कोपर सरकलं. फरक आठवणीत सापडतो: हात धरून खेचल्यावर दुखणं सुरू झालं असेल तर कोपराचा संशय घ्यावा, आणि मूल कुशीवर पडलं असेल तर आधी कॉलरबोन चाचपून बघावं.

बहुतेक वेळा मार थेट खांद्यावर बसलेला असतो. हात टेकून पडलेल्या मुलाचं मनगट किंवा कोपर मोडण्याची शक्यता जास्त, म्हणून तेही तपासून घ्यायला सांगा.

दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं?

हात गळ्यात बांधा. सुती ओढणी किंवा मोठा रुमाल पुरे. कोपर काटकोनात, पंजा कोपरापेक्षा किंचित वर, मनगटाला आधार आणि बोटं बाहेर दिसतील अशी. गाठ मानेच्या मधोमध नको, एका बाजूला मारा, नाहीतर तासाभरात मान दुखायला लागते. बर्फ रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा. चोळू नका, हाड "बसवायचा" प्रयत्न करू नका, आणि हात वर होतो का हे मुलाकडून पुन्हा पुन्हा करवून घेऊ नका.

ताबडतोब, रात्र असली तरी, कधी न्यायचं?

हाडाच्या जागी जखम असेल. हाडाचं टोक कातडीला आतून ढकलतंय आणि तिथली कातडी ताणून पांढरी पडली असेल. पंजा गार किंवा फिकट वाटत असेल, बोटं बधिर झाली असतील, हलत नसतील. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल, आवाज बदलला असेल. उंचावरून पडणं, वाहनाची धडक, बेशुद्धी किंवा उलट्या झाल्या असतील तर कॉलरबोन बाजूला ठेवा, आधी डोकं, मान आणि छाती तपासली जायला हवी.

या हाडाच्या मागूनच हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसांचा जुडगा जातो. ब्रिटनचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील १८५० मध्ये घोड्यावरून पडले, कॉलरबोन मोडलं आणि तीन दिवसांत ते गेले. आतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असावी असं मानतात. ते वयाने साठीच्या पुढचे होते. मुलांमध्ये असं होणं फार दुर्मीळ, पण पंजाची ऊब, रंग आणि बोटांची हालचाल बघायला अर्धा मिनिट लागतो, तेवढं बघाच.

एक्स-रेमध्ये दोन तुकडे चक्क एकमेकांवर चढलेत. हे न जोडता जुळणार कसं?

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रश्न हाच. एक्स-रेचा फोटो मोबाइलवर काढला जातो, घरच्या ग्रुपवर जातो, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी मामा किंवा काका लिहितात, "अरे, हे तर पूर्ण तुटलंय, प्लेट टाकावीच लागेल." त्यांची चूक नाही. चित्र तसंच दिसतं.

पण एक्स-रेमध्ये जे दिसत नाही तेच मुलांच्या हाडात कामाचं असतं. हाडाभोवती एक आवरण असतं. मुलांमध्ये ते जाड, चिवट आणि रक्ताने भरलेलं असतं. हाड मोडलं तरी हे आवरण बहुतेकदा एका बाजूने शाबूत राहतं, आणि त्याच्या आत नवं हाड तयार व्हायला लागतं. लहान मुलांत तर हाड अनेकदा ओल्या फांदीसारखं एका बाजूनेच चिरतं आणि वाकतं, पूर्ण तुटतच नाही. पूर्ण तुटून तुकडे सरकले तरी टोकांना टोकं भिडायची गरज नसते. ती जवळपास असली की मधली जागा नव्या हाडाने भरते. आधी जाडसर गाठ, मग महिने जातात तशी ती झिजत, घासत पुन्हा हाडाचा आकार घेते.

वाढ हा दुसरा मुद्दा. पोटातल्या बाळात सगळ्यात आधी तयार व्हायला लागणारं हाड म्हणजे कॉलरबोन, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आणि वाढ सगळ्यात शेवटी थांबते तीही याचीच: छातीकडच्या टोकाची वाढीची पट्टी तेवीस ते पंचवीस वर्षांपर्यंत बंद होत नाही. लांबीतली सुमारे ८० टक्के वाढ त्याच टोकाकडून येते. मात्र मुलींत नवव्या आणि मुलांत बाराव्या वर्षाच्या सुमाराला पूर्ण लांबीच्या जवळपास ८० टक्के मजल गाठलेली असते. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाकडे वाकडं सरळ करायला भरपूर वाढ शिल्लक आहे, पंधरा वर्षांच्या मुलाकडे थोडीच. म्हणूनच पुढच्या बऱ्याच उत्तरांत वय आधी विचारलं जाईल.

मुलांचं कॉलरबोन न जुळणं, म्हणजे महिनोन्‌महिने दोन तुकडे वेगळेच राहणं, ही अपवादात्मक गोष्ट आहे.

मग प्लास्टर का घालत नाहीत?

घालणार कशाला? हे हाड श्वासाबरोबर, मानेबरोबर, खांद्याबरोबर हलतं. ते खरोखर स्थिर ठेवायचं तर छाती आणि हात मिळून प्लास्टरमध्ये बांधावे लागतील. पूर्वी तसं करायचेही. त्यातून मुलाला त्रास मिळाला, हाडाला फायदा नाही.

झोळी बरी की आठच्या आकड्याचा पट्टा?

साधी झोळी, म्हणजे मेडिकलमध्ये आर्म पाऊच म्हणून मिळते ती.

आपल्याकडे मात्र आठचा पट्टा, म्हणजेच क्लॅव्हिकल ब्रेस, फार लोकप्रिय आहे. पाठीवर फुली, दोन्ही काखांतून पट्टे आणि खांदे मागे खेचलेले. काहीतरी ठोस केल्यासारखं दिसतं आणि पालकांचं समाधान होतं. कल्पना अशी की खांदे मागे खेचले की चढलेले तुकडे सरळ होतील. प्रत्यक्षात तसं टिकत नाही. पट्टा आणि झोळी यांची तुलना झाली तेव्हा हाड दोन्हीत सारखंच जुळलं, आणि पट्टा घातलेल्यांना त्रास जास्त झाला. काखेत घट्ट बसलेल्या पट्ट्याने बोटांना मुंग्या येतात, हात सुजतो, कातडी सोलवटते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर आठवडाभरात काखेत घामोळं आणि बुरशी.

आधीच पट्टा दिलेला असेल आणि मूल त्यात निवांत असेल तर भांडत बसायचं कारण नाही. फक्त पट्ट्याखाली बोट सहज सरकतंय ना आणि पंजाचा रंग ठीक आहे ना, हे रोज बघा. मूल रात्रभर रडत असेल तर "सहन कर, हाड जुळतंय" असं सांगू नका. डॉक्टरांना विचारून झोळीवर या.

झोळी किती दिवस? आणि हाड किती दिवसांत जुळतं?

पाच वर्षांखालचं मूल दोन ते तीन आठवड्यांत मोकळं होतं. खरं तर दहाव्या दिवशीच ते झोळी काढून फेकतं, आणि दुखत नसेल तर ते बरोबरच असतं. शाळकरी मुलांना साधारण तीन-चार आठवडे. बारा-तेराच्या पुढे झोळी तीन-चार आठवडे, पण हाड पक्कं व्हायला सहा ते आठ.

झोळी हाड जुळवत नाही, दुखणं कमी करते. म्हणून ती काढायची वेळ मुलाचं दुखणं ठरवतं, कॅलेंडर नाही. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. दिवसातून चार-पाच वेळा झोळी काढून कोपर पूर्ण सरळ करायचं आणि पुन्हा वाकवायचं, नाहीतर कॉलरबोन बरं होतं आणि कोपर आखडून बसतं. दुखणं उतरलं की कमरेतून वाकून हात मोकळा सोडायचा आणि छोटे गोल फिरवायचे. हात खांद्याच्या वर नेण्याची घाई मात्र पहिल्या तीन-चार आठवड्यांत नको.

फिजिओथेरपीची गरज बहुतेक मुलांना पडत नाही. खेळायला लागलं की खांदा आपोआप सुटतो. सहा आठवड्यांनंतरही हात पूर्ण वर जात नसेल तर मात्र दाखवा.

आंघोळ, कपडे आणि झोप कशी सांभाळायची?

आंघोळीला झोळी काढायची. हात अंगाला लागून खाली सोडलेला चालतो. काख धुण्यासाठी हात वर उचलू नका. मुलाला थोडं पुढे वाकायला सांगा, हात लोंबला की काख आपोआप उघडते. नीट कोरडी करा, मगच झोळी.

कपड्यांचा नियम: घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. पुढून बटणं असलेला, एक माप मोठा शर्ट काढून ठेवा. डोक्यातून घालायचे टी-शर्ट पंधरा दिवस कपाटात. शाळेचा गणवेश पोलो टी-शर्टचा असेल तर वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या.

पहिल्या चार-पाच रात्री आडवं झोपणं जड जातं. लोडाला किंवा दोन-तीन उशांना टेकून, अर्धवट बसल्यासारखं झोपवलं की बरं वाटतं. दुखऱ्या हाताच्या कोपराखाली छोटी उशी सरकवा. कुशीवर झोपायचं तर चांगल्या बाजूला.

दुखण्यासाठी कोणतं औषध, किती?

पॅरासिटामॉल. मात्रा वजनावर, वयावर नाही: दर किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. खरी चूक बाटलीत होते. एकाच नावाचं सिरप दोन ताकदींत येतं, ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम लागतं. १२५ च्या बाटलीतून ते १२ मिलिलिटर होतं, २५० च्या बाटलीतून फक्त ६. शेजारच्या घरून आणलेल्या बाटलीवर "आमच्या बंड्याला एक झाकण देतो" हा हिशोब चालत नाही. लेबल वाचा.

पहिले दोन-तीन दिवस तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आयबुप्रोफेन, पोटात काहीतरी असताना. त्याने मुलांचं हाड जुळायला उशीर होतो असं आढळलेलं नाही. मूल उलट्या-जुलाबांनी सुकलं असेल, किंवा पावसाळ्यात ताप असून डेंग्यूची शंका असेल, तर आयबुप्रोफेन टाळा. ॲस्पिरिन मुलांना नको. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या सवयीने ते कुणी हातात ठेवलं तर परत करा.

ऑपरेशन खरोखर कधी लागतं?

हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल. कातडी आतून इतकी ताणली गेली असेल की ती मरेल. रक्तवाहिनी किंवा नसेला इजा असेल. त्याच बाजूच्या खांद्याच्या पात्याची मानही मोडून सगळा खांदाच लोंबकळत असेल. ही कारणं वादातीत आहेत आणि एकूण मुलांत ती मोजकीच असतात.

आणखी एक जागा वेगळी सांगायला हवी, कारण ती हुकते. छातीकडचं टोक, जिथे कॉलरबोन मधल्या हाडाला भेटतं. किशोरवयात जोराचा मार बसला तर हे टोक वाढीच्या पट्टीतून सुटून मागे सरकू शकतं. मागे श्वासनलिका, अन्ननलिका आणि हृदयाकडून येणाऱ्या मोठ्या वाहिन्या. साध्या एक्स-रेमध्ये हे बऱ्याचदा दिसत नाही. सीटी स्कॅन करावा लागतो. मुलगा सांगतो, "गिळताना अडकल्यासारखं होतं," आणि गळ्याखालच्या खळगीची एक बाजू बसलेली दिसते. असं असेल तर जिथे छातीचे शल्यविशारद हाताशी आहेत अशाच रुग्णालयात हाड परत जागेवर आणावं. गावातल्या छोट्या थिएटरमध्ये हा प्रयोग नको.

खांद्याकडच्या टोकाचं उलटं आहे. एक्स-रेमध्ये सांधा निखळल्यासारखं भयंकर दिसतं, पण लहान मुलांत आवरण आणि त्याला जोडलेले बंध खाली जागेवरच असतात. हाड त्यातून केळं सालीबाहेर यावं तसं वर सटकलेलं असतं. रिकाम्या आवरणात नवं हाड भरतं आणि बहुतेकांचं झोळीत निभावतं.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तुकडे दोन सेंटिमीटर चढलेत आणि प्लेट सांगितलीय. काय करावं?

इथे थांबून विचार करा. घाई नाही; चार-पाच दिवस विचाराला घेतले तर काही बिघडत नाही.

प्लेटचा आग्रह कुठून आला ते सांगतो. २००७ मध्ये कॅनडातल्या शल्यविशारदांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १६ ते ६० वयोगटातल्या, कॉलरबोन पूर्ण सरकलेल्या १३२ जणांत निम्म्यांना प्लेट, निम्म्यांना झोळी. प्लेटवाल्यांचा निकाल सरस आला आणि हाड न जुळण्याचं प्रमाण कमी. मोठ्या माणसांच्या उपचारांवर त्याचा परिणाम झाला, ते ठीकच. पण ती लाट हळूहळू चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपर्यंत उतरली. "दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त चढलं की प्लेट" हा मोठ्यांचा आकडा मुलांच्या केसपेपरवर यायला लागला.

मग अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून १० ते १८ वर्षांच्या मुलांचाच अभ्यास केला: मधल्या भागात मोडलेलं आणि पूर्ण सरकलेलं कॉलरबोन, चारशेहून अधिक मुलं. २०२२ मध्ये दोन वर्षांचे निकाल आले. खांद्याचं काम, दुखणं, खेळावर परतणं, समाधान, यात प्लेट आणि झोळी यांच्यात मोलाचा फरक निघाला नाही. न जुळण्याचं प्रमाण दोन्हीकडे नगण्य. नंतर पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण मात्र प्लेटवाल्यांत जास्त होतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. तरी जे मोठ्यांत घडतं तेच मुलांत घडेल हे गृहीतक त्याने मोडीत काढलं.

माझं मत स्पष्ट आहे. वर दिलेली वादातीत कारणं नसतील तर पंधरा वर्षांच्या मुलालाही आधी झोळी. हाड समजा नाहीच जुळलं, तर तीन-चार महिन्यांनी प्लेट टाकण्याचा रस्ता उघडाच असतो. उलट रस्ता नाही.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा, संकोच नको. माझ्या मुलाच्या वयात झोळीने जुळत नाही का? प्लेटने काय जास्त मिळेल? व्रणाखालची कातडी बधिर राहील का? (बऱ्याचदा राहते, कॉलरबोनवरून जाणाऱ्या बारीक नसा दुखावतात.) प्लेट पुढे काढावी लागेल का? हाडावर मांस कमी असल्याने दप्तराचा बंद नेमका प्लेटवर घासतो, आणि काढायची म्हणजे दुसरी भूल. काढल्यावर स्क्रूच्या भोकांपाशी हाड काही काळ कमजोरही असतं.

सतरा-अठराचा, वाढ जवळपास संपलेला खेळाडू असेल आणि तुकडे एकमेकांपासून बरेच दूर गेलेले किंवा भुगा झालेले असतील, तर मात्र मोठ्यांसारखा विचार करणं गैर नाही. तिथे दोन चांगले डॉक्टर वेगवेगळं सांगू शकतात आणि दोघेही प्रामाणिक असतात.

ऑपरेशन लागलंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतं का, हे योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि ओळखपत्र बरोबर ठेवा.

पुन्हा पुन्हा एक्स-रे काढावा लागतो का?

लहान मुलांत सहसा नाही. हाडावर घट्ट, न दुखणारी गाठ हाताला लागली की ते जुळलं. बारा वर्षांपुढच्या आणि तुकडे सरकलेल्या मुलांत आठवडा-दोन आठवड्यांनी एकदा आणि खेळाला सोडण्याआधी एकदा, एवढं पुरतं. दर आठवड्याला "बघू कुठवर आलंय" म्हणून काढलेल्या फिल्मने उपचार बदलत नाही.

तीन आठवडे झाले आणि तिथे मोठी गाठ आलीय. वाकडं जुळलं का?

ती गाठ म्हणजेच जुळणं. नवं हाड आधी ढीगभर तयार होतं. बारीक मुलांत ती अक्रोडाएवढी उठून दिसते आणि नेमकी त्याच वेळी घरी पाहुणे येतात. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ती कमी होत जाते. दहा वर्षांखालच्यांत बहुतेकदा शोधावी लागते. तेरा-चौदाच्या पुढे थोडा उंचवटा कायम राहू शकतो, विशेषतः रुंद गळ्याच्या कपड्यात दिसणारा. मुलीच्या लग्नाची काळजी घेऊन आठव्या वर्षीच विचारणाऱ्या आज्या भेटतात. त्यांना सांगावं लागतं की उंचवट्याच्या जागी ऑपरेशनचा लांब व्रण येईल, तो जास्त दिसेल.

हाडवैद्याकडे नेऊ का? लेप, हाडजोड, पाया सूप?

हाडवैद्याकडे नेलेलं मूल बरं होतं, कारण मुलांचं कॉलरबोन तसंही बरं होतंच. श्रेय त्याचं नाही. पण ताज्या फ्रॅक्चरवर तेल लावून रगडणं म्हणजे मुलाचे हाल, आणि घट्ट बांधलेल्या लेपाखाली कातडी भाजलेली, फोडांनी भरलेली बऱ्याचदा बघायला मिळते. रक्तवाहिनीला इजा असेल तर त्यात मोलाचे तास जातात. चोळणं नको, एवढं तरी ऐका.

कांडवेल, म्हणजे हाडजोड, मुलांना द्यायची गरज नाही. पाया सूप आवडत असेल तर पाजा, ते जेवण म्हणून चांगलं. दूध, दही, नाचणीची भाकरी किंवा सत्त्व, तीळ, अंडं, डाळ, हे रोजचं नीट असू द्या. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हाड लवकर जुळत नाही.

व्हिटॅमिन डी मात्र कमी असू शकतं. ऊन भरपूर असलं तरी मुलं शाळा-क्लास-घर यांतच असतात. वर्षापुढच्या मुलाची रोजची गरज ६०० युनिट. मेडिकलमधून ६०,००० युनिटची पाकिटं आणून मनाने दर आठवड्याला देत राहू नका. जास्तीचं डी शरीरात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं. किरकोळ पडण्यातच दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा हाड मोडलं असेल तर तपासणी करून घ्या.

शाळेत कधी पाठवायचं? दहावीची परीक्षा तोंडावर आलीय.

दुखणं आटोक्यात आलं की, म्हणजे बहुतेक तीन-चार दिवसांत. झोळीसकट. मधल्या सुट्टीत वर्गातच बसू द्या, पीटी बंद. दप्तर दुसऱ्या कुणी उचलावं. पुढे सुरू करतानाही वजन मुलाच्या वजनाच्या एक-दशांशापेक्षा जास्त नको, तसं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरणही सांगतं.

लिहिता हात त्याच बाजूचा असला तरी कोपर आणि मनगट मोकळी असतात, त्यामुळे आठ-दहा दिवसांनी झोळीतला हात बाकावर टेकवून मूल लिहू शकतं. तीन तासांचा पेपर मात्र जड जातो. परीक्षा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे लेखनिकासाठी लगेच अर्ज करा. आदल्या दिवशी धावपळ नको.

मैदानावर कधी?

तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: हाड दाबल्यावर दुखत नाही, हात दुसऱ्याइतकाच वर जातो, भिंतीला टेकून ढकलताना दोन्ही बाजूंची ताकद सारखी वाटते. लहान मुलांत हे सहा आठवड्यांत होतं. पळणं, बॅडमिंटनची हलकी रॅली त्याच सुमारास. कबड्डी, फुटबॉल, कुस्ती, ज्युडो आणि सायकलवरचे पराक्रम आठ ते बारा आठवड्यांनी. मल्लखांबावर अंगाचं सगळं वजन खांद्यावर येतं, तिथे तीन महिने धरून चला. क्रिकेटमध्ये फलंदाजी आधी, गोलंदाजी आणि डाइव्ह मारणं नंतर.

घाई केली तर त्याच जागी पुन्हा मोडतं, मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत. जिल्हा स्पर्धेसाठी पाचव्या आठवड्यात उतरवायचं म्हणून मागे लागलेले प्रशिक्षक सगळीकडे असतात. त्यांना तारीख लिहिलेली चिठ्ठी दाखवा. दहीहंडीबद्दलही विचारणा होते. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांत चढवायला मनाईच आहे; त्यापुढच्या, नुकतंच कॉलरबोन जुळलेल्या मुलानेही त्या वर्षी खाली उभं राहून बघावं.

बाळंतपणात बाळाचं कॉलरबोन मोडलं. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा कुणाचाच नाही. बाळ मोठं असेल, खांदा अडकला असेल, तर बाहेर काढताना हे हाड मोडतं. कधी अगदी साध्या बाळंतपणातही. कित्येकदा तर आठ-दहा दिवसांनी तेल लावताना आईच्या किंवा मालिशवालीच्या बोटांना गाठ लागते तेव्हाच कळतं, आणि तोवर ते जुळत आलेलं असतं.

उपचार एवढाच: झबल्याची बाही सेफ्टी पिनने झबल्याच्याच पुढच्या भागाला अडकवायची, म्हणजे हात पोटावर राहतो. दूध पाजताना त्या बाजूवर दाब नको. दोन-तीन आठवडे त्या खांद्याची मालिश बंद, बाकी अंगाला चालेल. हात हलत नसेल तर तो दुखण्यामुळे की मानेतल्या नसा ताणल्यामुळे, हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. दोन आठवड्यांनंतरही हात लुळा वाटत असेल तर नुसती वाट बघू नका.

आणखी एक अवघड गोष्ट. जन्मानंतर काही महिन्यांनी, अजून रांगतही नसलेल्या बाळाचं कॉलरबोन मोडलेलं आढळलं आणि कसं पडलं हे कुणालाच सांगता येत नसेल, तर डॉक्टर जास्त प्रश्न विचारतील, कदाचित बाकीच्या हाडांचेही एक्स-रे काढतील. राग मानू नका. बाळाला बोलता येत नाही, म्हणून ते विचारणं त्यांचं काम आहे.

बाळाच्या उजव्या कॉलरबोनवर जन्मापासून गाठ आहे, पण दुखत नाही. हे जुनं फ्रॅक्चर का?

नसावं. दाबलं तरी बाळ रडत नसेल, हात छान हलवत असेल, आणि महिने जाऊनही गाठ लहान होत नसेल, तर हाडाचे दोन भाग जन्मापासूनच जुळलेले नसण्याची शक्यता असते. एक्स-रेमध्ये टोकं गोल, गुळगुळीत दिसतात आणि भोवती नवं हाड अजिबात दिसत नाही. हे मोडणं नव्हे, त्यामुळे झोळीने जुळतही नाही. त्रास नसेल तर काही करावं लागत नाही. दिसण्यासाठी किंवा खांदा दुखतो म्हणून ऑपरेशन करायचं तर ते नंतर, सवडीने ठरवता येतं. हे जवळजवळ नेहमी उजवीकडेच आढळतं. डावीकडे असलं तर बाळाचं हृदय उजव्या बाजूला आहे का, हेही डॉक्टर बघून घेतात.